चढवलेली फाइल राहते कुठे?

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज २६ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी संसदेत अर्थसंकल्प मांडण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यातील मुख्य तरतुदी बाहेर सर्वांना ठाऊक झाल्या होत्या. अर्थसंकल्पीय अंदाज तयार करणाऱ्या ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ या स्वायत्त संस्थेचा सविस्तर अहवाल भाषणाच्या सुमारे तासभर आधीच महाजालावर उघडत होता. वृत्तसंस्थांनी करवाढीचे तपशील प्रसृत केले, रोखे व चलनबाजारात चढउतार झाले आणि १ डिसेंबर रोजी संस्थेचे अध्यक्ष रिचर्ड ह्यूज यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणात कोणी कुलूप फोडले नव्हते, कोणाचा पासवर्डही चोरीला गेला नव्हता. मार्चमधील अहवालाचा पत्ता सर्वांसमोर होता. त्यात ‘मार्च’ असे होते तेथे ‘नोव्हेंबर’ घातले की नवा अहवाल हाती येत होता. संकेतस्थळावर त्याचा दुवा कोठेही दिसत नव्हता. फाइल मात्र आधीच चढवून ठेवलेली होती, जेणेकरून भाषण संपताच दुवा जोडता यावा. संस्थेच्या चौकशी अहवालात दोष आढळला तो वर्डप्रेस या प्रणालीच्या मांडणीत. फायली उतरवून घेण्याची सोय करणारे एक पूरक सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, फाइलला थेट पत्ता देत होते आणि त्या पत्त्यावरील थेट प्रवेश रोखणारा बंदोबस्त सर्व्हरवर केलेला नव्हता.

एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पाची गुप्तता फोल्डरच्या मांडणीवर अवलंबून असू शकते, हे ऐकून नवल वाटेल. परंतु वृत्तपत्रांपासून ग्रामपंचायतींपर्यंत असंख्य संकेतस्थळे आज अशाच प्रणालींवर चालतात, आणि छायाचित्र किंवा पीडीएफ चढवणाऱ्या व्यक्तीला ती फाइल नेमकी कोठे जाते याची सहसा कल्पना नसते.

खतावणी आणि वखार

संकेतस्थळावरील मजकूर प्रोग्रामरच्या मदतीविना लिहिता, बदलता आणि प्रसिद्ध करता यावा यासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली निर्माण झाल्या. ड्रुपलची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली, वर्डप्रेस २००३ मध्ये, तर जूमला २००५ मध्ये. तिन्हींची घडण निरनिराळी असली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. लेखाचा मजकूर, शीर्षक, लेखकाचे नाव, दिनांक हे सारे डेटाबेसमधील तक्त्यांत नोंदले जाते. छायाचित्रे व इतर फायली मात्र सर्व्हरच्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. डेटाबेसमध्ये फाइलविषयी केवळ एक नोंद असते: नाव काय, कोठे ठेवली, प्रकार कोणता, रुंदी-उंची किती.

व्यापाऱ्याची खतावणी पेढीवर असते आणि माल वखारीत असतो, तसाच हा प्रकार. वर्डप्रेसची वखार ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरात असते आणि तीत वर्षाचे व महिन्याचे कप्पे आपोआप पडत जातात. ड्रुपल प्रत्येक फाइलची नोंद एका स्वतंत्र तक्त्यात करते, आणि ती फाइल कोणकोणत्या लेखांत वापरली आहे याची गणना दुसऱ्या तक्त्यात ठेवते.

येथेच लंडनमधील घटनेचे मूळ आहे. लेख ‘मसुदा’ आहे की ‘प्रसिद्ध’, अमुक वाजता खुला करायचा की नाही, हे सारे खतावणीत लिहिलेले असते. लेखाचे पान मागितले गेले की प्रणाली खतावणी पाहते आणि मगच पान देते. फाइलच्या बाबतीत तसे घडत नाही. फाइलचा पत्ता विचारला गेला की अपाची किंवा एन्जिनएक्ससारखा वेब सर्व्हर थेट वखारीत जातो, फाइल सापडली की ती देऊन मोकळा होतो. प्रणालीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या लेखाला ती जोडायची आहे तो लेख अद्याप मसुदा आहे, हे वेब सर्व्हरला कळण्याचा मार्गच नसतो. मसुद्यातील छायाचित्र अप्रकाशित असते ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. चढवल्या क्षणापासून ते सार्वजनिक असते, फक्त कोणाला ठाऊक नसते.

यावर उपाय आहे. ड्रुपलमध्ये ‘सार्वजनिक’ आणि ‘खासगी’ अशा दोन वखारी ठेवता येतात. खासगी वखार वेब सर्व्हरच्या आवाक्याबाहेरच्या फोल्डरात ठेवायची असते आणि तेथील फाइलची प्रत्येक मागणी प्रणालीमार्फतच पुढे जाते. प्रणाली वाचकाचा अधिकार तपासते, मग फाइल देते. याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते, कारण प्रत्येक छायाचित्रासाठी संपूर्ण प्रोग्राम जागा करणे खर्चिक असते. म्हणूनच बहुतेक संकेतस्थळांवर सर्व फायली सार्वजनिक वखारीत जातात, आणि गोपनीय फाइलसाठी वेगळी वाट धरण्याचे भान राहत नाही. काही जण फाइलला अंदाज बांधता येणार नाही असे लांबलचक नाव देतात. त्याने नुसत्या तर्काने कोणी पोहोचणार नाही हे खरे, परंतु असा पत्ता एकदा कोणाच्या ईमेलमध्ये गेला की तो सर्वांचा झाला.

फायली डेटाबेसमध्येच का ठेवत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे आणि तसा प्रयोग झालेलाही आहे. झोप या सर्व्हरवर उभारलेल्या प्लोन या प्रणालीत मजकूर आणि फायली एकाच डेटाबेसमध्ये साठत असत. सगळा संसार एका गाठोड्यात असल्याने स्थलांतर सोपे होते आणि अधिकारांची तपासणीही नेटकी होती. पण मोठ्या फायली साचू लागल्या की ते गाठोडे अवाढव्य होई. त्याची प्रत काढण्यास, ते आवरून घट्ट करण्यास वेळ लागे. अखेरीस २०१० मध्ये आलेल्या प्लोनच्या चौथ्या आवृत्तीने मोठ्या फायली डेटाबेसबाहेर डिस्कवर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. अपवाद सोडल्यास हा वाद आता मिटल्यासारखा आहे.

एकाचे अनेक

छायाचित्र चढवले की एकच फाइल साठते, हाही एक गैरसमज. वर्डप्रेस मूळ छायाचित्रापासून त्याच वेळी अनेक लहान आवृत्त्या तयार करते. १५० पिक्सेलचे चौकोनी लघुचित्र, ३०० पिक्सेलची मध्यम, १०२४ पिक्सेलची मोठी अशा तिच्या जुन्या ठरावीक आवृत्त्या आहेत. मोबाइलचा वापर वाढल्यावर ७६८ पिक्सेलची आवृत्ती त्यांत आली. पुढे २०१९ मध्ये १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या आवृत्त्यांची भर पडली, आणि २५६० पिक्सेलहून मोठ्या छायाचित्राची आटोपशीर प्रत करून मूळ प्रत बाजूला ठेवण्याची पद्धतही त्याच वर्षी सुरू झाली. संकेतस्थळाची सजावट ठरवणारी ‘थीम’ आपल्या पसंतीच्या आणखी आवृत्त्या मागते. एका छायाचित्राच्या आठ-दहा फायली होणे त्यामुळे नित्याचे आहे. थीम बदलली की जुन्या मापाच्या आवृत्त्या कोणाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत, पण त्या वखारीत पडून असतात आणि जागेचे भाडे भरावे लागते.

ड्रुपलने निराळा मार्ग पत्करला. लहान आवृत्ती प्रथम मागितली जाईल तेव्हाच ती तयार करायची आणि पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची. ही काटकसर शहाणपणाची, पण तिच्यातही मेख निघाली. कोणी मुद्दाम हजारो आवृत्त्यांची मागणी करत राहिले तर सर्व्हर प्रतिमा बनवण्यातच दमून जाई आणि डिस्क भरून जाई. फेब्रुवारी २०१३ मध्ये ड्रुपलने सुरक्षा सुधारणा आणून अशा प्रत्येक पत्त्यात पडताळणीचा संकेत घातला. संकेत जुळला तरच नवी आवृत्ती तयार होते.

कप्पे पाडण्याच्याही तऱ्हा आहेत. वर्ष-महिन्याची पद्धत माणसाला समजते, मात्र फाइल कोणत्या महिन्यात चढवली हे ठाऊक असावे लागते. विकिपीडियामागील मीडियाविकी या प्रणालीने वेगळी युक्ती योजली. फाइलच्या नावावर एमडी५ नावाची गणिती प्रक्रिया केली जाते. तिच्या उत्तरातील पहिल्या चिन्हाचा एक कप्पा आणि त्याच्या आत पहिल्या दोन चिन्हांचा दुसरा कप्पा. प्रत्येक चिन्हाच्या १६ शक्यता असल्याने एकूण २५६ कप्पे होतात आणि फायली त्यांत जवळजवळ सारख्या वाटल्या जातात. नाव माहीत असेल तर कप्पा गणिताने काढता येतो. खतावणी उघडण्याचीही गरज उरत नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर आज दहा कोटींहून अधिक फायली आहेत आणि त्यांचे पत्ते याच रीतीने बनतात.

नावातील ‘ऱ’ची गोष्ट

मराठी संकेतस्थळांना जो प्रश्न सर्वाधिक छळतो, तो इंग्रजीतील माहितीपुस्तिकांत क्वचितच आढळतो. तो आहे देवनागरी फाइलनावांचा.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘पुणे’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी ती चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. महाजालाच्या पत्त्यात हे बाइट टक्क्याच्या खुणेसह लिहावे लागतात, तेव्हा प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होऊन ‘पुणे’ ३६ अक्षरांचे होते. मराठी नावाच्या फाइलचा दुवा ईमेलमध्ये चिकटवला की जी न संपणारी टक्केवारी उमटते, तिचे रहस्य हेच. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. इंग्रजीत ती पुरून उरते. देवनागरीत ८५ चिन्हांवर मर्यादा संपते, आणि बातमीचे पूर्ण शीर्षकच फाइलचे नाव म्हणून देण्याची सवय असेल तर ही सीमा सहज ओलांडली जाते.

त्याहून सूक्ष्म अडचण ‘ऱ’ या अक्षराची आहे. ‘शेतकऱ्यांचा’, ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांत हे अक्षर पदोपदी येते. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि प्रमाणकानुसार ती समतुल्यही आहेत. परंतु लिनक्स सर्व्हर फाइलनावाकडे अक्षरे म्हणून पाहत नाही. त्याच्या दृष्टीने ती केवळ बाइटांची माळ असते. माळ वेगळी असेल तर फाइल वेगळी. ॲपलच्या मॅक संगणकांवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था अशी अक्षरे सुटी करूनच साठवत असे. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस जसे नाव दिले तसे राखते. जुन्या मॅकवरून ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ नावाचे छायाचित्र सर्व्हरवर गेले आणि लेखातील दुवा विंडोजवर बसलेल्या उपसंपादकाने टंकला, तर दोन्ही नावे डोळ्यांना एकसारखी दिसूनही छायाचित्राच्या जागी रिकामी चौकट येते. दोष शोधणारा माणूस अक्षर न् अक्षर ताडून पाहतो आणि हताश होतो. शिवाय अर्धा ‘र’ जुन्या रीतीने, हलन्तानंतर एक अदृश्य जोडक चिन्ह देऊनही लिहिला जातो. तो तर समतुल्यही मानला जात नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा राजमार्ग म्हणजे वाचकाला दिसणारे नाव आणि वखारीतील नाव वेगळे ठेवणे. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांत सापडते. शासन निर्णयाच्या अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे वाक्य आणि एक लांब संकेतांक छापलेला असतो. त्या संकेतांकाची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते, आणि तोच आकडा संबंधित पीडीएफ फाइलचे नाव असतो. निर्णयाचा विषय मराठीत कितीही लांब असो, त्यात ‘ऱ’ असो वा नसो, फाइलच्या नावाला त्याची बाधा होत नाही. कागदावरील प्रत हाती असलेला मनुष्यही आकड्यावरून मूळ फाइलपर्यंत पोहोचू शकतो. दिसायला रुक्ष असलेली ही पद्धत अनेक देखण्या संकेतस्थळांपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली आहे. अर्थात जे प्रसिद्धच करायचे आहे त्याच्यासाठी ती योग्य. दिनांकावर आधारित नाव गोपनीय दस्तऐवजाला चालणार नाही.

वखारीत शिरणारे चोर

अपलोड्सच्या फोल्डरात प्रणालीला लिहिण्याची मुभा द्यावीच लागते, अन्यथा फाइल चढणार कशी? नेमक्या याच मुभेवर हल्लेखोरांचा डोळा असतो. छायाचित्राच्या मिषाने एखादी पीएचपी आज्ञावली तेथे पोहोचवली आणि तिचा पत्ता उघडला, तर सर्व्हर तिला चित्र म्हणून दाखवण्याऐवजी आज्ञा म्हणून चालवतो. पुढचे सारे हल्लेखोराच्या हाती जाते.

ऑगस्ट २०११ मध्ये उघडकीस आलेला टिमथम्बचा दोष असाच होता. वर्डप्रेसच्या अनेक थीममध्ये अंतर्भूत असलेली ही छोटी आज्ञावली छायाचित्रांचा आकार बदलून देई. काही ठरावीक बाहेरच्या संकेतस्थळांवरूनही ती चित्रे आणू शके, पण त्या संकेतस्थळांची नावे ती ढिलाईने तपासत असे आणि आणलेला ऐवज महाजालावरून पोहोचता येईल अशा फोल्डरात ठेवत असे. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या प्रतिमा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी आढळल्या. तेथे तर विशिष्ट प्रकारे रचलेली प्रतिमा प्रक्रियेसाठी उघडली जाणे एवढेच पुरेसे होते.

म्हणूनच फाइलच्या नावातील शेवटच्या तीन अक्षरांवर विश्वास ठेवू नये, आतील मजकूर खरोखर चित्राचा आहे का हे तपासावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपलोड्सच्या फोल्डरात कोणतीही आज्ञावली चालणार नाही अशी तजवीज वेब सर्व्हरवर करावी. ही शेवटची सूचना काही ओळींत अमलात येते. तरीही ती राहून जाते.

पुसले म्हणजे गेले का?

वर्डप्रेसमध्ये लेख कायमचा काढून टाकला तरी त्यातील छायाचित्र वखारीत राहते. तेच छायाचित्र दुसऱ्या लेखातही वापरलेले असू शकते, म्हणून ही सावधगिरी आहे. परंतु ज्या व्यक्तीच्या तक्रारीवरून लेख हटवला गेला, तिचे छायाचित्र जुन्या पत्त्यावर तसेच उघडत राहते, हे संपादकांच्या ध्यानात येत नाही. ड्रुपलने वापराची गणना ठेवून, गणना शून्यावर आली की फाइल आपोआप काढण्याची व्यवस्था केली होती. ती गणना नेहमीच भरवशाची नसते असे दिसून आले. वापरात असलेल्या फायलीही नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा २०१७ च्या ८.४ आवृत्तीपासून ही आपोआप होणारी सफाई थांबवण्यात आली. मीडियाविकी हटवलेली फाइलही वेगळ्या फोल्डरात राखून ठेवते, म्हणजे ती परत आणता यावी.

राखण्याचा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही सुटलेला नाही. मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केले की सर्व्हरच्या स्थलांतरात त्यांच्याकडे आधीच्या बारा वर्षांत चढवलेली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या आहेत. अनेक हौशी गायकांची एकमेव प्रत तेथेच होती. दोन वर्षांनी, १० मार्च २०२१ रोजी, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राची एक इमारत आगीत खाक झाली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींच्या हाती काहीच उरले नाही.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही साठवण सेवा सुरू केल्यापासून वखार आपल्या सर्व्हरवर न ठेवता भाड्याच्या जागेत ठेवण्याचा प्रघात वाढला. डिस्क भरण्याची चिंता त्याने मिटते. पण खतावणी एका गावी आणि वखार दुसऱ्या गावी असली की राखीव प्रती काढण्याचे वेळापत्रक जुळवावे लागते. डेटाबेसची प्रत रात्री बाराची आणि फायलींची प्रत मागील रविवारची असेल, तर संकट आल्यावर उभे राहिलेले संकेतस्थळ सोमवारनंतरच्या प्रत्येक बातमीत छायाचित्राची जागा दाखवते, छायाचित्र नाही. प्रत काढण्याचे काम दोन्हींचे एकाच सुमारास व्हावे, एक प्रत दुसऱ्या शहरात असावी, आणि वर्षातून एकदा तरी तीवरून संकेतस्थळ प्रत्यक्ष उभे करून पाहावे, अशी या क्षेत्रात रूढ असलेली शिस्त आहे. तिच्यातील तिसरा भाग पाळणारी कार्यालये फार थोडी आहेत.